हिमनदीचा वस्तुसंग्रह : माँ ब्लाँवरील दोन विमान-अपघात आणि स्मृतीच्या संहिता

विमानविद्येचा इतिहास आपण सामान्यतः मोठ्या संग्रहालयांतून वाचतो. राइट बंधूंचे १९०३ सालचे विमान वॉशिंग्टनला आहे. अॅल्कॉक आणि ब्राउन यांनी १९१९ मध्ये ज्या विमानाने अटलांटिक महासागर विनाथांबा ओलांडला, ते लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. ही संग्रहालये ‘पहिले’, ‘सर्वांत दूरचे’, ‘सर्वांत वेगवान’ अशा विशेषणांभोवती रचलेली असतात. त्यांचे कथन चढत्या श्रेणीचे असते आणि त्यात अपघाताला स्थान मिळाले, तरी ते पुढील सुधारणेची पायरी म्हणून मिळते. याच्या उलट, लहान वस्तुसंग्रहांत बहुधा निवडीपेक्षा योगायोगाने वस्तू येतात. एखाद्या गावाच्या शिवारात काय पडले, कोणी काय उचलून घरी आणले आणि कोणी काय फेकून दिले नाही, यावर त्यांची घडण अवलंबून असते. म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकाला हे संग्रह विशेष महत्त्वाचे वाटावेत. त्यांत वस्तू असतात. परंतु त्यांना जोडणारी कथा आयती मिळत नाही.

प्रस्तुत निबंधात अशा एका संग्रह-समूहाचा विचार केला आहे. फ्रान्समधील शामोनी खोऱ्यात, माँ ब्लाँ पर्वताच्या पायथ्याशी, एअर इंडियाच्या दोन विमानांचे अवशेष गेली अनेक दशके गोळा होत आहेत. एक विमान १९५० मध्ये कोसळले, दुसरे १९६६ मध्ये. या अवशेषांभोवती एक कादंबरी, दोन चित्रपट आणि एक अधिकृत चौकशी अहवाल उभा आहे. या साऱ्या संहिता परस्परांशेजारी ठेवून वाचल्या, तर प्रत्येकीने काय जतन केले आणि कोणाला वगळले, हे स्पष्ट होऊ शकेल, अशी येथील भूमिका आहे.

१. दोन अपघात

एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले आंतरराष्ट्रीय उड्डाण ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनकडे झाले. ते करणाऱ्या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाचे नाव होते ‘मलबार प्रिन्सेस’. स्वातंत्र्य मिळून वर्षही झाले नव्हते. त्यामुळे या उड्डाणाला प्रवासाच्या पलीकडचा अर्थ होता. तेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाच्या रोखाने येत असताना खराब हवामानात माँ ब्लाँच्या शिखराखालील कड्यांवर आदळले. आतील सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी आठ विमानकर्मचारी होते. प्रवाशांत बहुसंख्य भारतीय खलाशी होते. ब्रिटनमध्ये जहाजावर रुजू होण्यासाठी ते निघाले होते. शोधासाठी वर चढलेल्या पथकातील रने पायो हा शामोनीचा वाटाड्याही या मोहिमेत प्राणास मुकला.

दुसरा अपघात २४ जानेवारी १९६६ चा. मुंबईहून दिल्ली, बैरुत, जिनिव्हामार्गे लंडनला जाणारे बोइंग ७०७ विमान जवळजवळ त्याच जागी कोसळले आणि ११७ जण गेले. त्यांत होमी भाभा होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी ते व्हिएन्नाला निघाले होते. या विमानाचे नाव ‘कांचनगंगा’. एअर इंडियाने आपल्या कॉन्स्टेलेशन विमानांना राजकन्यांची आणि राण्यांची नावे दिली होती. बोइंग ७०७ विमाने आल्यावर हिमालयातील शिखरांची नावे आली. नव्या राष्ट्राने जगापुढे स्वतःची प्रतिमा कशी मांडावी, याचा विचार या नामकरणात दिसतो. आधी संस्थानी वैभव, मग निसर्गाची उत्तुंगता. हिमालयाच्या शिखराचे नाव घेतलेले विमान आल्प्सच्या सर्वोच्च शिखरावर नष्ट व्हावे, हा योगायोग पुढील बहुतेक लेखकांना मोहात पाडतो. मात्र या मोहाने घटनेचे आकलन वाढत नाही, हेही लक्षात घ्यावयास हवे.

२. हिमनदी : एक अभिलेखागार

माँ ब्लाँच्या माथ्यावरून बोसाँ नावाची हिमनदी तीन हजार मीटरांहून अधिक उतरण पार करीत शामोनीच्या दिशेने येते. वर पडलेले हिम दबून बर्फ होते. बर्फ स्वतःच्या भाराने उतारावरून सरकतो. आणि त्याच्या पोटात जे सापडले असेल, ते दशकांनंतर खाली, बर्फ वितळण्याच्या पातळीवर, बाहेर येते. हिमनदी वस्तू लपवते, वाहून नेते, चुरडते आणि परत करते.

ही गोष्ट विमानांच्या कितीतरी आधी ठाऊक होती. ऑगस्ट १८२० मध्ये डॉ. हामेल यांच्या चढाईत तीन वाटाडे हिमलोटात सापडून गडप झाले. हिमनद्यांच्या गतीचा अभ्यास करणारे स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्स यांनी, सुमारे चाळीस वर्षांत हे अवशेष खाली प्रकट होतील, असे अनुमान वर्तविले होते. १८६१ पासून ते बोसाँच्या खालच्या टोकाशी खरोखरच सापडू लागले. मार्क ट्वेन यांनी ‘अ ट्रॅम्प अब्रॉड’ (१८८०) या प्रवासवर्णनात या घटनेची दखल घेतली. म्हणजे ‘हिमनदी मृतांना परत करते’ हे आशयसूत्र या खोऱ्याच्या वाङ्मयात विमानयुगापूर्वीच रुजले होते. १९५० नंतर त्यात विमानाचे पत्रे, चाके, यंत्रांचे तुकडे यांची भर पडली.

अभिलेखागाराशी हिमनदीची तुलना करताना एक भेद विसरता कामा नये. अभिलेखागारात कागद कोणीतरी ठेवलेले असतात. त्यांच्या मांडणीत एक हेतू असतो. हिमनदीच्या मांडणीत हेतू नाही. १९५० चा अवशेष आणि १९६६ चा अवशेष शेजारी शेजारी निघू शकतो. दोन विमानांचे धातूचे तुकडे वेगळे करणे हे तेथील संग्राहकांचे पहिले काम असते. पंख्याचे पाते असेल, तर तो तुकडा कॉन्स्टेलेशनचा, कारण बोइंग ७०७ ला बाहेरचे पंखे नव्हते. कागदावर तारीख असेल, तर प्रश्नच मिटतो. दोन हस्तलिखितांची विस्कटलेली पाने निवडणाऱ्या पाठचिकित्सकाचे काम याहून फारसे वेगळे नसते.

३. कोणती वस्तू कोठे जाते

१९७८ मध्ये ‘मलबार प्रिन्सेस’मधील काही टपाल हिमनदीत सापडले आणि अठ्ठावीस वर्षांच्या विलंबाने पत्रे पुढे धाडण्यात आली. अपघातग्रस्त विमानांतून वाचलेले टपाल हा तिकीटसंग्राहकांच्या जगात स्वतंत्र संग्रहविषय आहे. जळालेली कड, निघून गेलेले तिकीट, पाण्याने पसरलेली शाई यांनाच तेथे मोल असते.

ऑगस्ट २०१२ मध्ये तेथील गिर्यारोहण-बचाव पथकाशी संबंधित एका व्यक्तीला आणि तिच्या शेजाऱ्याला तागाची एक पिशवी मिळाली. तिच्यावर राजनैतिक टपालाचा आणि भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का होता. गुप्त कागदपत्रांच्या अपेक्षेने वृत्तपत्रांनी ही बातमी जगभर नेली. प्रत्यक्षात आत वर्तमानपत्रे, एअर इंडियाची दिनदर्शिका आणि काही पत्रव्यवहार निघाला. पिशवी भारतीय दूतावासाच्या स्वाधीन झाली. २०१३ मध्ये एका तरुण गिर्यारोहकाला धातूची पेटी सापडली. तिच्यात पाचू, नीलम इत्यादी रत्नांच्या पुड्या होत्या. त्याने ती पोलिसांकडे जमा केली. वारसांचा शोध फलदायी झाला नाही. अखेर २०२१ मध्ये रत्नांची शामोनी नगरपालिका आणि तो गिर्यारोहक यांच्यात समान वाटणी झाली, आणि नगरपालिकेचा वाटा तेथील स्फटिक संग्रहालयात ठेवण्यात आला. २०२० च्या उन्हाळ्यात हिमनदीजवळच्या एका उपाहारगृहाच्या मालकाला जानेवारी १९६६ मधील भारतीय वर्तमानपत्रांचा गठ्ठा मिळाला. इंदिरा गांधींच्या पंतप्रधानपदी निवडीचे मथळे त्यावर वाचता येत होते. कागद वाळवून तो आपल्या संग्रहात ठेवण्याचा मनोदय त्याने व्यक्त केला.

या चार घटनांत चार प्रकारचे गंतव्य दिसते. पत्रे पत्त्यावर गेली, पिशवी राज्यसंस्थेकडे गेली, रत्ने वाटली गेली, वर्तमानपत्रे उपाहारगृहात राहिली. ज्या वस्तूवर नाव लिहिलेले होते, ती परतली. ज्या वस्तूला बाजारभाव होता, तिच्यासाठी कायद्याची प्रक्रिया झाली. उरलेल्या असंख्य वस्तू, म्हणजे बुटाचा तळ, कापडाची चिंधी, आसनाचा पत्रा, ज्याने उचलल्या त्याच्या घरात किंवा हिमनदीकाठच्या विश्रामस्थानांतील कपाटांत गेल्या. इतिहासाच्या दृष्टीने हा उरलेला भागच सर्वांत मोठा आहे, आणि त्याचीच नोंद सर्वांत विरळ आहे.

स्फटिक संग्रहालयाचे उदाहरण येथे बोलके आहे. मुंबईहून निघालेली रत्ने माँ ब्लाँच्या पोटातून निघालेल्या स्फटिकांच्या शेजारी बसली. शामोनीत कड्यांवरून स्फटिक काढण्याची परंपरा जुनी आहे, आणि पर्वताने जे दिले ते शोधणाऱ्याचे, अशी त्या परंपरेची धारणा आहे. त्या चौकटीत बसताच व्यापाऱ्याचा ऐवज ‘पर्वताची देणगी’ वाटू लागतो. येथे कोणाचा अप्रामाणिकपणा दाखवावयाचा नाही; पेटी जमा करणाऱ्या तरुणाचे वर्तन आदर्शच म्हणावे लागेल. मुद्दा संग्रहालयाच्या व्याकरणाचा आहे. शेजारची वस्तू बदलली की अर्थ बदलतो.

४. कादंबरी आणि चित्रपट

पहिल्या अपघातानंतर दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, आंरी त्रोया यांची ‘ला नेज आँ दई’ ही फ्रेंच कादंबरी प्रसिद्ध झाली. शीर्षकाचा अर्थ ‘शोक पाळणारे हिम’ असा. मराठीत ‘सुतकातले हिम’ हा पर्याय अधिक जवळचा ठरेल. त्रोया हे मॉस्कोत जन्मलेले आणि क्रांतीनंतर कुटुंबासह देशोधडीला लागलेले लेखक. कादंबरीत आल्प्सच्या एका खेड्यातील दोन भाऊ आहेत. कलकत्त्याहून आलेले विमान शिखरावर कोसळते. धाकटा भाऊ मृतांच्या ऐवजाच्या लोभाने वर जाऊ पाहतो आणि थोरल्या, मुरलेल्या पण निवृत्त वाटाड्याला सोबत ओढतो. अवशेषांत त्यांना एक भारतीय स्त्री जिवंत सापडते. तिला वाचवायचे की सोडून लुटीसह परतायचे, हा कादंबरीचा नैतिक पेच आहे. एडवर्ड दिमिट्रिक यांनी १९५६ मध्ये ‘द माउंटन’ या इंग्रजी चित्रपटात हीच कथा मांडली. स्पेन्सर ट्रेसी थोरल्या भावाच्या आणि रॉबर्ट वॅग्नर धाकट्याच्या भूमिकेत होते.

वास्तवाशी तुलना करता दोन बदल ठळकपणे दिसतात. एक, प्रत्यक्षात कोणीही वाचले नव्हते. कादंबरीला एक जीव वाचलेला हवा होता, कारण त्याशिवाय भावांच्या निवडीला अर्थ उरला नसता. हा बदल कलेच्या गरजेतून आला आहे आणि तो समर्थनीय आहे. दुसरा बदल अधिक विचार करण्याजोगा आहे. वास्तवातील मृतांत बहुसंख्य श्रमिक पुरुष होते. कथेच्या केंद्रस्थानी एक निःशब्द, असहाय, परदेशी सौंदर्याची स्त्री आली. भारत येथे वाचवण्याजोग्या स्त्रीच्या रूपात अवतरतो. विमानाच्या नावातील ‘प्रिन्सेस’ने या कल्पनेला खतपाणी घातले असावे, असे अनुमान करता येईल. खलाशाला मात्र या कथेत जागा उरली नाही. तो कष्टकरी होता, आणि कादंबरीतला थोरला भाऊही कष्टकरीच आहे. या दोघांची भेट घडवणारी कथा लिहिली गेली असती, तर ती कदाचित अधिक अस्वस्थ करणारी ठरली असती.

जील लग्राँ यांचा २००४ चा ‘मलबार प्रिन्सेस’ हा फ्रेंच चित्रपट आणखी पुढचे पाऊल टाकतो. त्यात एक लहान मुलगा आजोबांकडे डोंगरात राहायला येतो. त्याची आई हिमनदीवर नाहीशी झालेली आहे. विमानाचे अवशेष हा तेथे मुलाच्या शोधाचा आणि कुतूहलाचा भाग होतो. चौपन्न वर्षांत ‘मलबार प्रिन्सेस’ हे नाव पूर्णपणे शामोनीचे झाले. स्थानिक दुःख व्यक्त करण्याची ती एक परिभाषा बनली. एखादी दंतकथा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत रुजते तेव्हा असेच घडते. मूळ संदर्भ गळतो आणि नाव तेवढे उरते.

मराठी वाचकाला या गळलेल्या संदर्भाची जाणीव व्हावी, याला कारण आहे. वाफेच्या जहाजांच्या काळापासून मुंबई बंदरात युरोपीय कंपन्यांच्या जहाजांवर भरती होणाऱ्यांत रत्नागिरी आणि गोव्याकडील माणसे मोठ्या संख्येने होती. सारंग, तांडेल, खलाशी ही नाविकांच्या श्रेणीची नावे कोकणच्या बोलण्यात आहेत. त्यांतील पहिली दोन इंग्रजी जहाजांच्या कामकाजातही रूढ झाली. फारसी ‘लष्कर’पासून आलेला ‘लास्कर’ हा शब्द युरोपीय भाषांत भारतीय खलाशाचा वाचक ठरला. त्यात व्यक्तीला नाव नसते, फक्त समूह असतो. विमानाच्या कथेतून खलाशी गळणे, ही त्या जुन्या भाषिक सवयीची पुढची पायरी मानता येईल.

५. अहवालाची भाषा

दुसऱ्या अपघातावर कादंबरीऐवजी तर्ककथांचे पीक आले. भाभांच्या मृत्यूमुळे घातपाताच्या कल्पना आजतागायत प्रचलित आहेत. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष मात्र साधा आणि म्हणूनच अधिक विषण्ण करणारा आहे. बैरुतहून निघताना विमानाच्या दोन दिशादर्शक ग्राहकांपैकी एक बंद होता. वैमानिकाने माँ ब्लाँच्या संदर्भात आपले स्थान चुकीचे गणले आणि ते नियंत्रकाला कळवले. नियंत्रकाने चूक ओळखून दुरुस्ती सांगितली. परंतु पुरेशा नेमक्या शब्दयोजनेअभावी वैमानिकाने त्या दुरुस्तीचा वेगळाच अर्थ घेतला. शिखराची धार आपण ओलांडली आहे, अशा समजुतीत तो उतरत राहिला.

साहित्याच्या अभ्यासकाने हा निष्कर्ष बारकाईने वाचावा. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही एका परकीय, तांत्रिक इंग्रजीत व्यवहार करीत होते. वाक्य उच्चारले गेले, पोहोचले, समजल्याची पावतीही मिळाली. तरीही अर्थ पोहोचला नाही. भाषांतरमीमांसेत आपण ज्या गैरसमजाची चर्चा सैद्धांतिक पातळीवर करतो, त्याचे याहून कठोर उदाहरण सापडणे अवघड. घातपाताची कथा लोकप्रिय होते, कारण तिच्यात कर्ता असतो. अहवालात कर्ता नाही. एक बंद उपकरण, एक चुकीचे अनुमान आणि एक अपुरे वाक्य आहे. लहान संग्रहांतील निर्नाम तुकड्यांशी अहवालाचे नाते जुळते ते येथे. दोघेही खलनायक पुरवीत नाहीत.

६. गोव्यातील अखंड विमान

या तुकड्यांच्या पार्श्वभूमीवर एका अखंड विमानाकडे पाहणे उद्बोधक ठरेल. गोव्यात दाबोळीजवळ, बोगमाळोच्या वाटेवर, १९९८ मध्ये सुरू झालेले नौदलाचे विमान संग्रहालय आहे. त्याच्या खुल्या आवारात सुपर कॉन्स्टेलेशन जातीचे एक विमान उभे आहे. ‘मलबार प्रिन्सेस’च्याच कुळातील, पुढच्या पिढीचे. प्रवासी सेवेत असताना त्याचे नाव ‘राणी ऑफ एलोरा’ होते. एअर इंडियाकडून ते हवाई दलाकडे गेले, १९७६ मध्ये नौदलाच्या सागरी टेहळणी पथकात दाखल झाले, आणि निवृत्तीनंतर येथे स्थिरावले.

आज त्याच्यावर नौदलाची ओळख रंगवलेली आहे. वेरूळच्या नावाने युरोपकडे प्रवासी नेणारी ‘राणी’ त्या रंगाखाली आहे. जुने लेखन खरवडून त्याच चर्मपत्रावर नवे लिहावे, तसे हे विमान आहे. नौदलाच्या संग्रहालयाने नौदलाचे कथन सांगावे, हे स्वाभाविकच होय. परंतु शामोनी आणि गोवा एकत्र वाचले, तर एक गोष्ट उमगते. गोव्यात वस्तू पूर्ण आहे, आणि तिच्या अनेक चरित्रांतील एकच पुढे आहे. शामोनीत वस्तू भग्न आहे. त्यामुळे ती कोणतेही एक चरित्र पूर्णपणे सांगू शकत नाही, आणि पाहणाऱ्याला प्रश्न विचारावाच लागतो. चहा पिता पिता कपाटातला वाकलेला पत्रा पाहणारा पर्यटक ‘हे काय आहे?’ असे विचारतो. त्या प्रश्नाला कोणत्या भाषेत, कोणत्या तपशिलाने उत्तर मिळते, यावर सारे अवलंबून आहे.

७. समारोप

वरील विवेचनातून असे म्हणता येईल की, या अपघातांची स्मृती तीन प्रकारच्या संहितांत विभागली गेली आहे. कादंबरी व चित्रपट यांनी नैतिक पेच जतन केला आणि त्यासाठी मृतांची अदलाबदल केली. अहवालाने कारण जतन केले आणि माणसे संख्येत मोजली. वस्तुसंग्रहाने द्रव्य जतन केले. मात्र द्रव्य आणि नाव यांतील दुवा त्याच्या हाती नाही. दुवा जोडण्यासाठी लागणारी साधने, म्हणजे प्रवाशांची यादी, खलाशांच्या भरतीच्या नोंदी, कुटुंबांकडील पत्रे, ही संग्रहापासून हजारो किलोमीटरांवर, दुसऱ्या देशात आणि दुसऱ्या भाषांत शोधावयाची आहेत.

हे काम अनिश्चित काळ थांबू शकणार नाही. वाढत्या तापमानाने बोसाँ हिमनदी मागे सरत आहे. अवशेष उघडे पडत आहेत आणि उघडा पडलेला कागद एका पावसाळ्यातही टिकत नाही. ज्यांनी दशकानुदशके हिमनदीवर फिरून तुकडे वेचले, त्यांची पिढीही वयोवृद्ध होत आहे. कोणती वस्तू कोणत्या वर्षी कोठे मिळाली, हे ज्ञान पुष्कळदा त्यांच्या स्मरणातच आहे. म्हणून शामोनीतील सार्वजनिक व खासगी संग्रहांची एक संयुक्त वर्णनात्मक सूची फ्रेंच, इंग्रजी आणि भारतीय भाषांतून व्हावी, आणि तिच्या आरंभी दोन्ही विमानांतील १६५ जणांची नामावली असावी, अशी सूचना येथे करावीशी वाटते. त्याच नामावलीशेजारी, अनोळखी माणसांच्या शोधात गेलेल्या रने पायोचेही नाव यावे.

तौलनिक साहित्याभ्यासाने हे काम आपले मानावे. भग्न संहिता जुळवणे, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना गळलेले शोधणे आणि अनामिक कर्त्याला त्याची जागा देणे, हाच आपल्या विद्याशाखेचा व्यवसाय आहे. फरक इतकाच की, येथील संहिता ॲल्युमिनियमची आहे, आणि तिची पाने दर उन्हाळ्यात थोडी थोडी बाहेर येत आहेत.